परभणीत १०० व्होल्ट: जुन्या जपानी गेम्सच्या आडवाटा

परभणीत बसून जपानी प्लेस्टेशन (सोनीचं सीडीवर चालणारं गेमयंत्र) चालवायचं, त्यावर फारशा कुणी न खेळलेल्या तऱ्हेच्या गेम खेळायच्या आणि हे सगळं नियमात राहून करायचं, तर काय काय करावं लागतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर चार पैसे आणि बरीच चिडचिड वाचली असती. म्हणून लिहितेय. माझं औषधाचं दुकान आहे, इलेक्ट्रॉनिक्समधलं मला काही कळत नाही. जपानी तर त्याहून नाही. तरी जमलं.

सुरुवात २०२३ च्या दिवाळीत झाली. माहेरी सेलूला माळा साफ करताना आमचा जुना टीव्ही गेम निघाला. ९० च्या दशकात ज्यांच्याकडे तो होता त्यांना वेगळं सांगायला नको: पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ‘९९९९९९ इन १’, आणि आत खरे गेम पन्नाससुद्धा नाहीत. मारिओ, काँट्रा, सर्कस, रणगाडे हे सगळ्यांनी खेळलेलं. पण त्याच यादीत एक गेम असा असायचा की तो लागला की आम्ही भावंडं लगेच रिसेट मारायचो. हिरव्या पटावर पांढऱ्या फरशा, त्यांवर चिनी अक्षरं, आणि बटण दाबलं की एक फरशी जाते, एक येते. जिंकलो का हरलो तेही कळायचं नाही. आमच्या लेखी तो बिघडलेला गेम होता.

टीव्ही गेम काही चालू झाला नाही, पण डोकं मात्र चालू झालं. तो गेम म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘माजाँग’. जपानमध्ये फॅमिकॉम हे निन्टेन्डोचं गेमयंत्र १९८३ च्या जुलैत बाजारात आलं आणि हा गेम लगेच ऑगस्टमध्ये. म्हणजे पोरांसाठी म्हणून आणलेल्या यंत्रावर अगदी पहिल्या काही गेम्समध्ये मोठ्या माणसांचा खेळ होता, बाबांनी रात्री जेवण झाल्यावर खेळायचा. आपल्याकडे आलेली यंत्रं ही त्याच फॅमिकॉमची नक्कल, त्यामुळे कॅसेट भरणाऱ्यांनी हाताला लागेल ते भरलं आणि सेलूच्या पोरांच्या माथी माजाँग आला.

नकली टीव्ही गेम आजही मिळतात. मला मोंढ्याजवळच्या खेळण्यांच्या दुकानात ७५० रुपयांना मिळाला, आणि त्यातही माजाँग होताच. आता तो शिकायचाच असं ठरवलं, आणि शिकायला वाटलं त्यापेक्षा खूप कमी वेळ लागला, कारण आपल्याला रमी येते. हातात तेरा फरशा, चौदावी उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी झाली की हात पुरा. संच म्हणजे एकतर ओळीचे आकडे किंवा तीन सारख्या. एकूण फरशा १३६, प्रकार ३४, प्रत्येकाच्या चार. गोल ठिपके मोजता येतात, बांबूच्या काड्याही मोजता येतात, फक्त एक बांबू म्हणून पक्षी काढतात. चिनी आकडे मात्र पाठ करावे लागतात, तेही नऊच.

अडकवणारी गोष्ट पुढं येते. हात पुरा झाला तरी जपानी पद्धतीत त्यात किमान एक ‘याकू’, म्हणजे नियमात नाव असलेली एखादी खास मांडणी, नसेल तर डाव लागत नाही. आपले चारही संच झालेले, समोरच्यानं हवी ती फरशी टाकली, आणि यंत्र काही बोलतच नाही. मी रिमोट आपटला होता. सोपा उपाय: दुसऱ्याच्या टाकलेल्या फरशा उचलून संच उघडे करायचे नाहीत, सगळं हातात ठेवायचं, आणि एकाच फरशीवर अडलं की ‘रीची’ जाहीर करायची. रीची हाच एक याकू. एवढं कळलं की निम्मा खेळ आला.

तर हा ‘बिघडलेला गेम’ एक आख्खा प्रकार निघाला, आणि माझ्या डोक्यात घुसलं की असे अजून किती असतील. ‘सर्वोत्तम शंभर गेम’ छापाच्या याद्या बघून काही हाती लागलं नाही, त्यात तेच तेच. मग मी उलटं केलं. गेममध्ये कोणतं काम आहे ते बघायला लागले. लोकल चालवण्याचे गेम होते. घोड्यांची पैदास करण्याचे होते. डास होऊन एका कुटुंबाचं रक्त शोषायचा एक होता, २००१ चा, पुढच्या प्लेस्टेशनवर (परभणीकरांना त्यासाठी गेमची गरज नाही). समुद्राच्या तळाशी नुसतं हिंडायचं, शत्रू नाही, वेळ नाही, असा १९९५ चा ‘अॅक्वानॉट्स हॉलिडे’ होता. यातले बरेच पहिल्या प्लेस्टेशनवर, आणि बरेच जपानबाहेर कधी गेलेच नाहीत. प्लेस्टेशनला प्रदेशाचं कुलूप असतं. जपानी सीडी जपानी यंत्रावरच चालते. म्हणजे यंत्र तिथलंच हवं.

मोबाईलवर फुकट उतरवून घे, असं मला ज्यानं त्यानं सांगितलं. कॉपीराइटचा प्रश्न आहेच, पण मला जो गेम पहिल्यांदा हवा होता तो मोबाईलवर अर्धाच कळला असता. का ते पुढं येईल.

यंत्र मागवण्याची चौकशी केली तेव्हा पहिला धक्का बसला. वापरलेल्या वस्तू परदेशातून मागवायला आपल्या परकीय व्यापार धोरणात बंधन आहे, परवाना लागतो. वीस-पंचवीस वर्षं जुनं प्लेस्टेशन म्हणजे वापरलेलंच. लोक मागवतात, काहींचं येतंही, पण अडकलं तर आपल्याकडे बोलायला तोंड नसतं. माझा मावसभाऊ नागोयाला नोकरीला आहे, तो डिसेंबरअखेर येणार होता. प्रवाशाला सामानातून वस्तू आणायला त्या वेळच्या नियमानं ५०,००० रुपयांपर्यंत शुल्क नव्हतं, आणि आमची खरेदी त्याच्या जवळपासही जात नव्हती. जपानात जुन्या वस्तूंच्या दुकानांत ‘जंक’ म्हणून एक खोका असतो. चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही, भाव मातीमोल. भावानं तिथून यंत्र ३,००० येनला घेतलं, म्हणजे साधारण सतराशे रुपये. सोबत पाच सीडी. त्याला मी एकच सांगितलं होतं: घेण्याआधी झाकण उघडून सीडी वाचणारं भिंग बघ, आणि दुकानात लावून बघू देत असतील तर लावून बघ. त्यानं दोन्ही केलं. मावशी मात्र त्याला म्हणाली, ‘‘एवढ्या लांबून आलास आन् हे भंगार आणलंस व्हय?’’

मागच्या बाजूला लिहिलेलं असतं: १०० व्होल्ट. आपल्याकडे २३०. थेट लावलं तर धूर. (पुढं आलेल्या छोट्या पांढऱ्या प्लेस्टेशनला बाहेरचा अडॅप्टर असतो, साडेसात व्होल्टचा. ते मिळालं तर आपल्या २३० वर चालणारा तसा अडॅप्टर लावा आणि हा सगळा परिच्छेद सोडून द्या.) तयार कन्व्हर्टर मिळतात, पण बाजारातले बरेचसे अमेरिकेच्या यंत्रांसाठी ११० व्होल्टचे. ते चाललं असतं असं काही जण म्हणतात. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज जसं वरखाली नाचतं ते बघता मला तो धोका घ्यायचा नव्हता.

जिंतूर रोडला एक मोटार रिवायंडिंगवाले आहेत. शेतातल्या पाण्याच्या मोटारी भरून देतात. त्यांना विचारलं, २३० चं १०० करून द्याल का? त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘शंभर? हे कोणच्या गावची लाईट हाय मॅडम?’’ जपानची म्हटल्यावर त्यांना गंमत वाटली. पण जानेवारी म्हणजे रब्बीचा हंगाम, दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग. ‘‘तुमचं खेळणं नंतर. हरभऱ्याला पाणी पायजे लोकाला.’’ बरोबरच होतं. महिना गेला.

फेब्रुवारीत त्यांनी माझ्यासमोर ट्रान्सफॉर्मर भरला. पत्र्यांच्या थप्पीमध्ये बॉबिन, त्यावर आधी बारीक तारेचे वेढे, मग पिवळा कागद, मग थोडी जाड तार. वेढे ते मोजायच्या यंत्रावर मोजत होते आणि एकीकडे फोनवर कुणाला तरी शिव्या घालत होते. दोन्हीत चूक नाही. शेवटी वार्निशमध्ये बुडवून उन्हात ठेवला. ९०० रुपये. तुम्ही करून घेणार असाल तर दोन गोष्टी सांगा. एक, दोन वेगळ्या वायंडिंगचा हवा, ऑटो नको. ऑटो स्वस्त पडतो, पण त्यात आपली २३० ची लाईन आणि यंत्राची लाईन आतून जोडलेलीच राहते. दोन, ५० व्हीए भरपूर झाला. प्लेस्टेशन जुन्या ४० वॉटच्या पिवळ्या बल्बएवढीही वीज खात नाही. घरी आणल्यावर यंत्र जोडायच्या आधी मल्टिमीटरनं मोजा. माझा १०४ दाखवत होता, चालतो.

मला ५० हर्ट्झची पण धास्ती होती. तिचं कारण नव्हतं. जपानात पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ अशी दोन प्रकारची वीज आहे, टोकियोत ५०, नागोया-ओसाकात ६०. त्यामुळे तिथली यंत्रं दोन्हीवर चालतील अशीच बनवतात. व्होल्टेज सांभाळलं की झालं.

टीव्ही मी जुना, पेटीवाला घेतला, दुरुस्तीच्या दुकानातून ६०० रुपयांत. घरच्या नव्या टीव्हीला ती लाल-पांढरी-पिवळी पिनच लागत नव्हती.

पहिली सीडी लावली ‘व्हिब-रिबन’ची. १९९९ चा गेम, मासाया मात्सुरा यांचा. ताल-गेम हा प्रकारच ज्यांच्या ‘पारापा द रॅपर’नं १९९६ मध्ये लोकांपुढं आणला, ते हे. काळा पडदा, त्यावर एक पांढरी रेघ, आणि रेघेवरून चालणारी रेघांचीच एक सशीण, व्हिब्री. रेघेत गाण्याच्या तालावर चार प्रकारचे अडथळे येतात: ठोकळा, खड्डा, गोल गिरकी, नागमोड. चार बटणं, एकेका अडथळ्याला एक. दोन अडथळे एकत्र आले की दोन बटणं एकदम. चुकत गेलं तर सशिणीचा बेडूक होतो, आणखी चुकलं तर बेडकाचा किडा, आणि मग खेळ खलास. नीट खेळत गेलं तर ती पंख फुटून परी होते.

एवढ्यावर काही विशेष नाही. विशेष हे की हा गेम सगळाच्या सगळा यंत्राच्या स्मृतीत मावतो, कारण त्यात रेघांशिवाय चित्रच नाही. त्यामुळे गेम चालू असताना सीडी काढून घ्यायची आणि आपल्या घरातली कुठलीही गाण्याची सीडी घालायची. यंत्र ते गाणं वाचतं आणि त्याच्या तालावर नवा रस्ता तयार करतं. मोबाईलवर नको म्हणत होते ते यासाठी.

आता घरातली सीडी शोधा. आमच्याकडे टीव्हीखालच्या कप्प्यात ढीगभर निघाल्या आणि एकही चालेना. कारण आपल्याकडे रस्त्यावर विकत घेतलेल्या बहुतेक सीडी एमपी३ च्या, ‘१५० सुपरहिट’ वगैरे. यंत्राला लागते जुन्या पद्धतीची ऑडिओ सीडी, जिच्यात जेमतेम बारा-पंधरा गाणी असतात. शेवटी एक मिळाली, सासूबाईंनी कधीतरी तुळजापूरहून आणलेली गोंधळाची. कोरी सीडी आणून लॅपटॉपवरून ऑडिओ सीडी बनवली तरी चालते, हे नंतर कळलं. सीडी वीस रुपयांची, पण बाहेरून जोडायचा रायटर उसना आणावा लागला.

गोंधळाची सुरुवात संथ असते. नमन, एखादं तुणतुणं. रेघ सरळ, व्हिब्री रमतगमत चाललेली, मध्येच एखादा खड्डा. मला वाटलं, सोपं आहे. मग संबळ चढला. संबळात एक बाजू बारीक वाजते आणि दुसरी घुमते, आणि गोंधळी रंगात आला की दोन्हींच्या मध्ये सुईचं टोक जाणार नाही. यंत्रानं त्याचं जे केलं ते बघायला हवं होतं: रेघ अशी काही थरथरायला लागली की ठोकळ्यावर गिरकी, गिरकीवर नागमोड, आणि सशिणीचा बेडूक, बेडकाचा किडा, सगळं एका दमात. माझा नऊ वर्षांचा मुलगा हसून गडबडा लोळला. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘आईच्या गोंधळावर बेडूक कामून नाचवायलीस गं?’’ त्यानंतर मी भजनाच्या सीडीवर सराव केला. भजनी ठेका फार न्यायी असतो, येणार तेव्हाच येतो. आता संबळावरही सशीण शेवटपर्यंत टिकते. परी अजून झालेली नाही.

एक गंमत राहिली. हा गेम काळापांढराच असल्यामुळे टीव्हीत काही गडबड आहे हे आमच्या लक्षातच आलं नाही. दुसरी सीडी लावली तेव्हा कळलं की ती पण काळीपांढरी दिसतेय. जपानी यंत्र एनटीएससी पद्धतीचा सिग्नल देतं, आपले जुने टीव्ही पॅलवर लावलेले असतात. चित्र येतं, रंग येत नाही. टीव्ही बदलायच्या आधी रिमोटच्या मेनूत कलर सिस्टिम शोधा, आणि ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी ३.५८’ करा. रिमोट नसेल तर २०० रुपयांचा सरसकट चालणारा रिमोट घ्या. मी तेच केलं.

यंत्राबरोबर मेमरी कार्ड नव्हतं. ते नसलं तर खेळ जपून ठेवता येत नाही, रोज पहिल्यापासून. भाऊ परत गेला होता, त्यानं मार्चमध्ये नवं कोरं, पाकीटबंद कार्ड आणि एक केबल पोस्टानं पाठवली आणि कागदावर ‘भेटवस्तू’ लिहिलं. भेटवस्तूला शुल्क नसतं अशी आमच्या दोघांचीही समजूत. ती पाच हजारांपर्यंतची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झालीय. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढंच उरलंय. औषधाचं दुकान चालवून मला हे माहीत नव्हतं.

पार्सल मुंबईला आलं आणि ट्रॅकिंगवर कस्टम्सपाशी थांबलं. दहा-बारा दिवसांनी पत्र आलं: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, वस्तूची पावती, आणि वस्तू स्वतःच्या वापरासाठी आहे, विक्रीसाठी नाही असं सहीचं निवेदन. पावती जपानीत होती. मी तिच्या प्रतीवर शेजारी इंग्रजीत प्रत्येक ओळीचा अर्थ लिहिला, येनचे रुपये करून लिहिले आणि सही केली. हे कुणी मागितलं नव्हतं, पण त्यानं काम हललं असावं असं मला वाटतं. शुल्क त्या वेळी असं होतं: मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, आणि या सगळ्यासकट रकमेवर २८ टक्के आयजीएसटी. हिशेब केला तर ७७ टक्क्यांच्या वर जातं. पोस्टेज धरून दोन हजारांच्या मालाला दीड हजार. पोस्टमनकाकांनी दारात पावती दिली, पैसे घेतले, आणि विचारलं, ‘‘सोनं आलं का काय?’’ दर नंतर बदललेत, तेव्हा मागवण्याआधी चालू दर बघा. आणि खरं सांगायचं तर येणाऱ्या माणसाच्या सामानातून आणणं हेच शहाणपणाचं.

पार्सलची वाट बघता बघता मी काताकाना शिकले. हे करा, खरंच करा. जपानीत परक्या शब्दांसाठी ही वेगळी लिपी आहे आणि गेमचे मेनू तिनंच भरलेले असतात: सेव्ह, लोड, स्टार्ट, ब्रेक. मूळ अक्षरं ४६. आणि आपल्याला ती जड जात नाहीत, कारण त्यांचा क्रम आपल्या वर्णमालेवरूनच तिकडं गेलाय, बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून. आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. कंठापासून ओठापर्यंत तीच वाट. मी दुकानात बिलाच्या कागदामागं रोज एक ओळ काढायची. एप्रिलअखेर मेनू वाचता यायला लागला. उरलेल्यासाठी मोबाईलचं कॅमेरा लावून भाषांतर करणारं अॅप, पण ते उभ्या ओळींच्या मजकुरात गडबडतं.

मे महिन्यात ‘डेन्शा दे गो’ काढला. टायटो कंपनीचा, आधी १९९६ मध्ये आर्केडला (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर), वर्षभरानं प्लेस्टेशनवर. लोकल चालवायची. धडकवायची नाही, पळवायची नाही, वेळापत्रकाप्रमाणे चालवायची. स्टेशनात ठरलेल्या खुणेवर थांबायचं, किती सेंटिमीटर पुढं-मागं झालं ते यंत्र मोजतं. किती सेकंद उशीर झाला तेही. जोरात ब्रेक मारला तर उभे प्रवासी पडतील म्हणून गुण कापतात. मला पहिल्या स्टेशनच्या पुढं जाता येईना. दर वेळी गाडी फलाट सोडून पुढं.

आमचे सासरे, अप्पा, पूर्णेला रेल्वेत होते. मीटर गेजच्या वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि डिझेलवर ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. ते मागं खुर्चीत बसून पेपर वाचत होते. माझी गाडी पुन्हा पुढं गेली तशी पेपराच्या आडून आवाज आला, ‘‘अगं, स्टेशन दिसल्यावर ब्रेक मारतंय का कुणी? आधी मार, अन् मग सोड.’’

मी रिमोट त्यांच्या हातात दिला. बटणं लहान, त्यांचा अंगठा मोठा. एका बटणानं वेग, एका बटणानं ब्रेक, दोन्हीला खाचा. त्यांनी आधी काहीच केलं नाही, नुसतं विचारलं, ‘‘डबे किती? रिकामी का भरलेली?’’ मग सुटले. वेग आला की लगेच सगळं बंद करून गाडी तशीच वाहू दिली. मी कधीच असं केलं नव्हतं, मी शेवटपर्यंत दाबून धरायची. फलाट दिसायच्या बऱ्याच आधी त्यांनी ब्रेकच्या तीन खाचा टाकल्या, मग एक काढली, मग अजून एक, आणि अगदी शेवटी, गाडी थांबायच्या क्षणाला, उरलेलीही सैल केली. ‘‘थांबताना ब्रेक सोडायचा, म्हंजी धक्का बसत नाय. चहा सांडला नाय पायजे मागं.’’ पडद्यावर आकडा आला: दीड मीटर मागं. अप्पांना तो अपमान वाटला.

पुढचे कितीतरी दिवस दुपारी झोपायच्या ऐवजी अप्पा टोकियोच्या यामानोते लाईनवर. सिग्नल आला की मोठ्यानं म्हणायचे, ‘‘प्रोसीड!’’ आणि माझ्या मुलानं शेजारून तेच परत म्हणायचं, कारण इंजिनात ड्रायव्हरनं म्हटलेलं असिस्टंटनं परत म्हणायचं असतं. जपानी ड्रायव्हरही सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतात असं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘मग बराबर हाय.’’ त्यांची एकच तक्रार होती, मालगाडी नाही. भरलेली मालगाडी थांबवून दाखवा म्हणावं सेंटिमीटरात.

‘डर्बी स्टॅलियन’ मी अर्ध्यात सोडला. घोड्यांची पैदास, शर्यती, वंशावळ. जपानात प्रचंड खपलेली मालिका, पण पान भरून चिनी अक्षरं आणि घोड्यांच्या पूर्वजांची नावं. माळेगावच्या यात्रेतला एखादा जाणता घोडेवाला शेजारी बसवल्याशिवाय आणि जपानी आल्याशिवाय हे जमायचं नाही. ‘अॅक्वानॉट्स हॉलिडे’ बद्दल एवढंच सांगते की मेच्या शेवटच्या आठवड्यात, नळाला आठ दिवसांनी पाणी येत असताना, समुद्राच्या तळाशी तासभर काहीही न करता फिरणं मला झेपलं नाही. चिडचिड झाली. पावसाळ्यात परत लावणार आहे.

पाचवी सीडी ‘बोकू नो नात्सुयासुमी’. २००० सालचा गेम, ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’ एवढंच त्याचं नाव. १९७५ चा ऑगस्ट. आईला दिवस भरत आलेत म्हणून शहरातल्या मुलाला महिनाभर खेड्यात नातेवाइकांकडे पाठवलंय. काका मातीची भांडी करतात, दोन बहिणी आहेत. एकतीस दिवस आणि तुम्हाला काहीही करावं लागत नाही. सकाळी सगळ्यांनी मिळून कवायत, मग जेवण, मग मोकळं. भुंगेरे धरा, मासे पकडा, पतंग उडवा, गावातल्या पोरांबरोबर भुंगेऱ्यांची कुस्ती लावा. रात्री चित्रांची डायरी लिहून झोपायचं, आणि तिथंच खेळ जपला जातो. मेमरी कार्डासाठी दीड हजार मोजले ते यासाठी.

यातलं घड्याळ फार हुशारीनं केलंय. एका जागी उभं राहिलं तर वेळ थांबलेली असते. झाडाखाली कितीही वेळ उभे राहा, दुपार तशीच. एका दृश्यातून दुसऱ्यात पाऊल टाकलं की मगच काटा सरकतो. मुलाला हे दोन दिवसांत कळलं आणि त्यानं गावात फिरणंच कमी केलं, सुट्टी पुरवून पुरवून वापरायला लागला. त्याची स्वतःची शाळा १५ जूनला सुरू होणार होती. गेममधला ३१ ऑगस्ट शाळेच्या आदल्या रात्रीपर्यंत आला नव्हता. मी ओरडल्यावर शेवटचे तीन दिवस त्यानं भराभर उरकले आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

संवाद सगळे जपानीत, पण घरातली माणसं काय बोलत असतील ते बहुतेक वेळा कळतं. जिथं नाही कळलं तिथं अप्पांनी मनानं अर्थ लावले. त्यांच्या मते ते काका कर्जात आहेत. गेममध्ये तसं काही असल्याचं मला तरी दिसलं नाही.

एकूण खर्च सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. यंत्र सतराशे, पाच सीडी मिळून साडेचार हजार (त्यात ‘व्हिब-रिबन’ एकटीच निम्म्याहून जास्त), ट्रान्सफॉर्मर ९००, टीव्ही ६००, रिमोट २००, कार्ड-केबल शुल्कासकट साडेतीन हजार, नकली टीव्ही गेम ७५०. बारा हजारांच्या थोडं वर. घरातल्यांना मी आठ सांगितलेत.

पुढचा नंबर सेगा कंपनीच्या सॅटर्न या गेमयंत्राचा. त्यावर १९९७ चा ‘रिअल साउंड: काझे नो रिग्रेट’ हा गेम आहे, ज्यात पडद्यावर काहीच दिसत नाही. नुसता ऐकायचा, आणि कथा वळणावर आली की बटणानं ठरवायचं. केंजी एनो यांनी तो दृष्टिहीन खेळाडूंना खेळता यावा म्हणून केला, आणि सॅटर्नपुरता द्यायच्या बदल्यात सेगाकडून हजार सॅटर्न दृष्टिहीनांना देणगी द्यायला लावले. आकाशवाणी परभणीवरच्या श्रुतिका ऐकत मोठ्या झालेल्या बाईला हा खेळ जमायला हरकत नाही. फक्त सगळं जपानीत बोलतात, म्हणून आधी ऐकून समजेल एवढी भाषा शिकतेय. भाऊ दिवाळीला येईल. यंत्र त्याच १०० व्होल्टचं आहे, ट्रान्सफॉर्मर तोच चालेल. तुम्हाला करून घ्यायचा असेल तर रिवायंडिंगवाल्यांना जुलै-ऑगस्टमध्ये गाठा, तेव्हा मोटारी बंद असतात आणि ते निवांत बोलतात.